उतरल्यावर फोन कर

सोलापूर, मार्केट यार्डामागं
१० नोव्हेंबर २०२४

डॉक्टरसाहेब,

आणि वर तुमी त्या व्हिडिओत हसताय. निळा कोट, मागं पुस्तकांचं कपाट, समोर ती बाई विचारती, “सर, ह्या आजाराची पहिली खूण काय?” आणि तुमी सांगताय, “काही रुग्णांची आधी जीभ जड होते. बोलणं ओढत येतं. घरच्यांना वाटतं हा प्यायला लागला. ह्या गैरसमजात मोलाचा वेळ जातो.” घरच्यांना! मला वाटलं माझ्याच कानाला काय झालं. आमच्या पायलला म्हटलं परत लाव. परत पण तुमी तेच बोललात, आणि परत हसलात.

कोण घरचे, साहेब? नाव घ्या की त्यांचं.

दोन वर्षांमागचा पाडवा. मी तुमच्या दादाला ओवाळलं आणि ते फोन घेऊन जिन्यात गेले, खाली पोरं फटाके उडवत होती म्हणून. जाताना म्हणाले, “आब्याला विचारतो. तो ह्याच कामातला हाय.” महिनाभर त्यांची जीभ वळत नव्हती. र आणि ळ तोंडातच लोळायचे. तुमाला विचारायला लाजत होते. एवढा मोठा डॉक्टर, त्याला आपलं बारकं दुखणं कशाला, असं. मी दारात उभी. सगळं ऐकू येत होतं, कारण यार्डात लिलाव पुकारणाऱ्या माणसाला फोन कानाला लावून हळू बोलता येतच न्हाय, ते स्पीकरवरच टाकतात. “आबा, माझी जी...” एवढंच आलं त्यांच्या तोंडातनं. पुढचं तुमी बोललात. ते मला पाठ हाय.

“दादा, जीभ जड झालीय तुझी. सणाच्या दिवशी तू पण सुरू केलंस? उतरल्यावर फोन कर.”

आणि ठेवला.

ते हेच सांगायला फोन करत होते, जीभ जड झाली म्हणून. तुमी त्यांच्या आधी सांगितलंत. एवढा मोठा अभ्यास तुमचा, नुसत्या आवाजावरनं खूण बरोबर ओळखली. आणि ओळखून दारूच्या खात्यात टाकली. दुसऱ्या दिवशी त्यांनी परत लावला तर आमचा नंबर तुमी बंद करून टाकलेला. ते म्हणाले, “रेंज नसंल.”

मामंजी प्यायचे हे मला शिकवू नका. त्यांनी तुमच्या हॉस्टेलच्या दारात येऊन लुंगी सोडलीती, आणि तवापासनं तुमी केमला यायचं सोडलं, हे सगळ्या गावाला ठाऊक हाय. पण त्यांना तितनं खांद्यावर टाकून केमच्या गाडीत कुणी बसवलं? त्या दिवशी ज्यानं न प्यायची शपथ घेतली, तो माणूस कुणाच्या लग्नात सरबत दिलं तरी आधी वास घ्यायचा. आमी हसायचो त्यांना.

वास मी पण घेतला, त्या पाडव्याला, तुमचा फोन झाल्यावर. ह्यात लपवायचं काय? ह्या घरात सून म्हणून आले तवापासनं मी वासच घेतीय. करंजीचा वास होता. मला त्यासाठी तोंडापाशी जावं लागलं. तुमाला बेंगलोरमधी बसून आला?

बरं, तिथं थांबला असतात तर मी हे पत्र लिहिलं नसतं. पण तुमी पायलला मेसेज केलात. पुण्याच्या बाजूला व्यसनमुक्तीचं केंद्र हाय, माझं बोलणं झालंय, दादाला घेऊन जा. मी म्हटलं, “तुमी पीत न्हाय, मग कशाला जायचं?” तर तुमचे दादा काय म्हणाले ऐका. “अगं, तो डॉक्टर हाय. त्यानं कायतरी बघूनच सांगितलं असंल. दोन्हीला औषध एकच असंल.” आणि गेले. आयुष्यात थेंब न घेतलेला माणूस पिशवी भरून दारू सोडायला गेला, कारण धाकट्या भावानं सांगितलं. तितं सकाळी सगळ्यांनी उभं राहून म्हणायचं असतं, मी दारुडा आहे. ह्यांनी पण म्हटलं. जीभ वळत नव्हती तरी म्हटलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. महिन्यानं मी आणायला गेले तर तितला माणूस म्हणतो, “वहिनी, अजून ठेवावं लागंल. बोलणं बघा की त्यांचं, अजून उतरलेलीच न्हाय.”

कशी उतरंल?

आणि यार्डात. शिवयोगी अण्णांच्या आडतीवर ह्यांची निम्मी हयात गेली. पुकारायला लागले की पलीकडच्या गाळ्यातले व्यापारी चहा सोडून यायचे. जीभ जड झाल्यावर अण्णा आधी हसण्यावारी न्यायचे. “काय बे सयाजी, सकाळी सकाळी?” पण केंद्राचं त्यांच्या कानावर गेलं आणि ते गंभीर झाले. मला बोलवून म्हणाले, “वहिनी, आमी कुणी म्हटलं असतं तर वेगळं. सख्खा भाऊ डॉक्टर, तोच म्हणतोय म्हटल्यावर आमी कोण?” कांद्याचा ढीग एका बाजूनं लागत होता आणि ह्यांच्या जागी दुसरा माणूस पुकारत होता. तुमच्या दादानी त्याला खुणेनं सांगितलं, आवाज पोटातनं काढ.

यंदा हात सुकायला लागला तवा हितल्या डॉक्टरनं दंडात सुया घालून बघितलं आणि आजाराचं नाव लिहून दिलं. पायलनं ते नाव फोनमधी टाकलं. पहिल्यांदा कुणाचं तोंड आलं? तुमचं. निळ्या कोटातलं.

फोन तुमी बंद केलाय. तुमच्या संस्थेत लावला तर एक बाई म्हणती पेशंट असाल तर नंबर लावा. पत्र फोडावंच लागतं म्हणून पत्र. सातवीपर्यंत शिकलेल्या बाईचं अक्षर असंच असतं, लावून वाचा. तुमचे दादा बोलायचे थांबत चाललेत. एकदा या. त्यांच्यासमोर बसा आणि सांगा, तू पीत नव्हतास म्हणून. मी दुसरं कायबी मागितलेलं न्हाय.

तुमाला भावजी म्हणायचं मी त्या पाडव्यालाच सोडलंय.

राजाबाई सयाजी तळेकर


सोलापूर
१५ डिसेंबर २०२४

डॉक्टरसाहेब,

तुमाला बोलवलं तर तुमी पोरगी पाठवलीत. आवाज भरायची पेटी घेऊन, कॅमेरा घेऊन. मी दार उघडलं तर म्हणती, “काकू, मी प्रियदर्शनी. सरांनी पाठवलंय.” मी तिच्या मागं जिन्यात बघितलं. मला वाटलं तुमी चप्पल काढत असाल. तुमी कुटं, ती एकटीच.

पोरगी गुणाची हाय, तिच्याशी माझं भांडण न्हाय. कानडी वळणाचं मराठी बोलती, चपला कोपऱ्यात सरळ लावून ठेवल्या. तिला मी शिरा केला. तुमाला पाणी पण दिलं नसतं.

तिनं ह्यांची जीभ बाहेर काढायला लावली, बॅटरी मारून बघितली. मला पण दाखवली. जीभ जागच्या जागी थरथरती, पातेल्यातलं दूध उकळी यायच्या आधी थरथरतं तशी. मग म्हणाली, “काका, ‘आ’ म्हणा, जमेल तितका लांब.” ह्यांनी म्हटलं. स्टोव्ह विझताना जसा आवाज येतो तेवढाच आला. नंतर तिनं कागदावरची वाक्यं दिली म्हणायला. ससा रानात पळाला, असलं कायतरी. ह्यांनी तो कागद बाजूला सारला. भिंतीला धरून उभे राहिले. मला कळलं काय करणार हायत, पायलला पण कळलं, आमी दोघींनी एकमेकींकडं बघितलं न्हाय.

लिलाव पुकारला त्यांनी. हाताची खूण तीच, मान तशीच झटकत, एका व्यापाऱ्यावरनं दुसऱ्यावर डोळा. शब्द एकबी न्हाय. नुसतं आ आणि ओ. पण ठेका हलला न्हाय, डॉक्टरसाहेब. शेवटी हात आपटून सौदा तोडला आणि खाली बसले. तुमची पोरगी चष्मा पुसत बसलीती. ते सगळं तुमच्या पेटीत भरून आलंय. ऐका. आणि मला सांगा, ह्यात दारू कुटल्या जागेला वाटली?

मग मी तिला विचारलं, “बाई, हे तुझ्या सरांना कोण लागतात ठाऊक हाय का?”

म्हणाली, “सर म्हणाले सोलापूरची केस आहे. लांबची ओळख.”

लांबची ओळख. आठवीत तुमाला गोवर आला तवा कुणाच्या मांडीवर झोपला होता? लांबच्या ओळखीच्या? केमच्या स्टेशनावरनं शाळेला जाताना गाडी चुकली की सायकलवर डबलसीट कोण न्यायचं? मी तिला भिंतीवरचा फोटो दाखवला. त्यात तुमी दहावीला नंबर काढला म्हणून तुमाला फेटा बांधलाय आणि बांधणारा दादाच हाय. पोरीनं फोटो बघितला, मग ह्यांच्याकडं बघितलं. “नाक सेम आहे,” एवढंच म्हणाली. बिचारी लाजली. लाजायचं तिनं का?

एवढ्यावर झालं असतं तर गोष्ट वेगळी. जाताना तिनं पिशवीतनं कागद काढला. हळू आवाजात सांगितलं, काका गेल्यावर त्यांचा मेंदू आणि पाठीतली दोरी सरांच्या अभ्यासाला देता येईल. तासाभरात कळवायचं, गाडी येईल. असा रुग्ण, ज्याचा आवाज आयुष्यभर एवढा वापरातला होता, सरांना मिळालेला न्हाय. सक्ती न्हाय म्हणाली. दोनदा म्हणाली.

मी उठून तिच्या हातातनं कागद घेणार, तेवढ्यात तुमच्या दादानी पाटी ओढली. बोलणं गेल्यापासनं पायलची बालवाडीची पाटी त्यांच्या उशाला असती. तिच्यावर लिहिलं: घ्या.

मी म्हटलं, “घ्या म्हंजी काय? वांगी हायत का ती?”

पुसून परत लिहिलं: आब्याच्या कामाला येईल.

तर असा माणूस तुमची लांबची ओळख हाय.

कागदावर त्यांची सही झाली, वाकडी, पण झाली. खाली बायकोच्या सहीची जागा हाय. ती मोकळी हाय. पोरगी म्हणाली काकूंची सही नसेल तर सर पुढं जाऊ शकणार न्हाईत. बरं झालं तिनं सांगितलं. कागद तांदळाच्या डब्याखाली ठेवलाय.

मी तिला शेवटी विचारलं, तुमच्या साहेबानं त्या पाडव्याला नीट ऐकून घेतलं असतं तर हे बरे झाले असते का? ती खोटं बोलली न्हाय. म्हणाली, “नाही काकू. गोळीनं थोडे महिने वाढले असते. बरे नसते झाले.”

म्हंजी तुमी मनात म्हणत असाल, मग वहिनी कशाला ओरडती? ऐका कशाला. मरण तुमी आणलं न्हाय, ते मी तुमच्या अंगावर टाकत न्हाय. पण बोलता येत होतं ते शेवटचं वर्ष त्यांनी कशात घालवलं? मी पीत न्हाय, मी पीत न्हाय, हे त्याच जड जिभेनं सांगण्यात. जेवढं जास्त सांगायचे तेवढं लोकांना जास्त खरं वाटायचं. पायलला बघायला आलेले लोक बापाचं बोलणं ऐकून चहा न घेता उठले. तुमच्या गोळीनं हे थांबत नव्हतं. तुमच्या एका वाक्यानं थांबलं असतं.

नाळ तोडायची तर सरळ तोडा. पोरी पाठवू नका.

राजाबाई


सोलापूर
२ जानेवारी २०२५

डॉक्टरसाहेब,

तुमचं पत्र आलं. टाइप केलेलं, सरळ ओळी, खाली तुमची सही आणि सहीखाली डिग्र्या. भावजयीला लिहिताना पण डिग्र्या निघाल्या न्हाईत.

तुमी लिहिता की अभ्यासाचा नियम हाय, नातेवाइकाला स्वतः तपासायचं न्हाय. तपासायला कोण बोलवतंय? तपासून झालंय सगळं. मी तुमाला भेटायला बोलवलंय. त्याचा पण नियम हाय का?

तुमी लिहिता, दादाला त्या अवस्थेत मला बघवणार नाही. रोज तेच बघता की तुमी. दुसऱ्यांचे दादा बघवतात.

मग एक ओळ हाय मधेच. “वहिनी, त्या दिवशी फोनवर मला दादाचा नाही, बाबांचा आवाज ऐकू आला.” ही ओळ मात्र तुमी टाइप करायच्या आधी हातानं लिहिली असणार. ती खरी वाटली मला. मी भाजी चिरता चिरता थांबले. मामंजींचा तो आवाज मी पण ऐकलाय, कडी लावून आतनं ऐकलाय. तुमी लहानपणापासनं ऐकलात. ते भ्या अंगातनं जात न्हाय हे मला कळतं.

पण बापाचा आणि भावाचा आवाज ज्याला वेगळा ओळखता येईना, त्यानं आवाजावर अभ्यास करू नये. दुसरं कायतरी करावं. गुडघ्यांवर करावा.

तुमच्या दादाच्या पोटाला नळी बसली आता. पेज, दूध, डाळीचं पाणी, सगळं नळीतनं. पायल शिकली घालायला, मी पण शिकले. तोंडाला चव लागावी म्हणून मी बोटानं गूळ लावते जिभेला. रात्रीचं उताणं झोपता येत न्हाय, श्वास पुरत न्हाय, उशा रचून बसवतो. हितला डॉक्टर म्हणाला उन्हाळा बघतील असं मला सांगता येणार न्हाय.

तुमचं पत्र मी त्यांना वाचून दाखवलं. सगळं, डिग्र्यांसकट. बापाच्या आवाजाची ओळ आली तवा त्यांनी बोट वर केलं, परत वाच म्हणून. परत वाचली. मग पाटी मागितली. मला वाटलं लिहितील, जाऊ दे. असंच लिहितात ते तुमच्या बाबतीत. म्हणून मी पाटी द्यायला उशीर पण केला.

त्यांनी लिहिलं: त्याला कळव. उतरली.

पायलला आधी कळलं. ती इतकी हसली की तोंडावर ओढणी धरून बाहेर गेली, आणि बाहेर जाऊन काय केलं ते मला विचारू नका. ह्यांना पण हसू आलं. तुमच्या ह्या आजारात हसू एकदा सुटलं की आवरत न्हाय म्हणे, तुमाला ठाऊक असंल. छाती धपापायला लागली, डोळ्यांतनं पाणी, आवाज न्हाय. आमी पाठ चोळत बसलो. मला हसू आलं न्हाय. ज्या माणसाला राग यायला पाहिजे तो हसतोय आणि त्याचा राग मी एकटीनं वाहायचा, हे मला मान्य न्हाय.

तवा आता माझं मागणं बदललं, डॉक्टरसाहेब. घरात येऊन कानात सांगून भागणार न्हाय. कानात सांगायची वेळ गेली.

तुमी यार्डात यायचं. सकाळी, लिलावाच्या टायमाला, सगळे असताना. मी शिवयोगी अण्णांकडं जाऊन आले. आजाराचं नाव सांगितलं, तुमचा व्हिडिओ दाखवला. अण्णा टोपी काढून बसले. म्हणाले, “वहिनी, डॉक्टर येत असतील तर मी लिलाव थांबवतो. ह्या गाळ्यात लिलाव कुणासाठी थांबलेला न्हाय.” आमी तुमच्या दादाला टेम्पोतनं खुर्चीवर आणणार. ते ज्या जागेवर उभं राहून पुकारायचे तितं तुमी उभं राहायचं. व्यापारी, हमाल, मापाडी, सगळ्यांसमोर म्हणायचं, माझा भाऊ कधी प्यायला न्हाय. मी चुकलो. मराठीत म्हणायचं. गैरसमज झाला असं म्हणायचं न्हाय, गैरसमज कुणाचा झाला ते कळत न्हाय त्यात. मी चुकलो म्हणायचं. मोठ्यानं, पोटातनं आवाज काढून. त्यांचा गेलाय, तुमचा हाय.

म्हटलंत, की तिथंच त्या ढिगाऱ्यापाशी कागद काढून मी सही करते. मग ते गेल्यावर न्या काय न्यायचं ते. कण्यातली दोरी न्या, मेंदू न्या, जीभ पण न्या, तिच्यावरनं चारजण तरी शहाणे झाले पाहिजेत.

न्हाय आलात तर तुमचे दादा केमच्या रानात जातील ते सगळेच्या सगळे. एक मणका मिळणार न्हाय. ते माझ्यावर रागावतील, त्यांची सही झालीय, त्यांची इच्छा हाय. रागावू दे. पाटीवर लिहितील, मी पुसीन. तेवीस वर्षांचा संसार हाय माझा, एवढं मी करू शकते.

आता उत्तर कसं द्यायचं ते सांगते. पत्र नको, पत्रात तुमाला डिग्र्या आठवतात. मेसेज नको. पोरगी तर नकोच, तिला म्हणावं शिरा खायला ये, कधीपण ये. आमचा नंबर तुमी बंद केलाय तो उघडा. भोगीच्या दिवशी संध्याकाळी, मी दिवा लावायच्या आत, तुमचे दादा तुमाला फोन करणार हायत. स्वतः. बोट चालतंय अजून एक. तुमीच म्हणाला होता उतरल्यावर कर, म्हणून करणार.

ते बोलणार न्हाईत. नुसता श्वास ऐकू येईल, जरा घरघर. तो बापाचा न्हाय, त्यांचा हाय, नीट ऐकून घ्या. तुमची जीभ जड झाली तर होऊ द्या. हितं कुणी वास घेणार न्हाय.

भोगी तेरा तारखेला हाय, भावजी. रिंग वाजली की उचला आणि येतो की येत न्हाय ते त्यांना सांगा.

राजाबाई